घरात दोन राउटर आहेत आणि मोबाईलवर टीव्हीच दिसत नाहीये? हे करून बघा

रिमोटने टीव्हीवर यूट्यूब लावलं तर मस्त चालतं, मोबाईलवर पण नेट पळतंय, पण मोबाईलमधून टीव्हीवर कास्ट करायला (म्हणजे मोबाईलवरचा व्हिडिओ टीव्हीवर लावायला) गेलं की तो कास्टचा आयकॉनच येत नाही, किंवा येतो पण यादीत आपली फायर स्टिक किंवा क्रोमकास्ट नसते. असं होत असेल आणि घरात दोन राउटर असतील तर स्टिक बदलायच्या आधी हे वाचा, कारण दहापैकी नऊ वेळा स्टिकला काहीही झालेलं नसतं. नेटवाल्याला बोलवून पण उपयोग नाही, तो येणार, स्पीड टेस्ट लावणार, "शंभर येतंय बघा" म्हणणार आणि जाणार. आणि त्याचं चुकत पण नाही, नेट खरंच येत असतं.

साधारण सगळीकडे मांडणी एकच असते. खाली हॉलमध्ये कंपनीने बसवलेला फायबरचा डबा, त्यातच वायफाय. वरच्या मजल्यावर रेंज पोचत नाही म्हणून बाजारातून एक राउटर आणला, खालून एक लॅन केबल वर नेली आणि नव्या राउटरच्या मागे जो एक पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो त्यात घातली, ॲपमध्ये नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो, झालं, वर पण फुल रेंज. कोकणात जुन्या चिऱ्याच्या घरांमध्ये तर हे करावंच लागतं, त्या भिंती एवढ्या जाड की शेजारच्या खोलीत पण वायफायचं एक काडं राहतं. माझ्या मामाकडे असंच होतं, टीव्ही माजघरात वरच्या राउटरवर, मामा पडवीत खालच्या राउटरवर, आणि मला फोन, "अरे टीव्हीत नेट आहे, मोबाईलमध्ये नेट आहे, मग दोघं एकमेकांना ओळखत का नाहीत?"

ओळखत नाहीत कारण दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. आपल्याला वाटतं दुसरा राउटर म्हणजे रेंज वाढवणारा डबा, पण राउटर जसा खोक्यातून निघतो तसा लावला की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उघडतो, स्वतः आयपी (म्हणजे नेटवर्कमधला प्रत्येक डिव्हाईसचा पत्ता) वाटायला लागतो, आणि वरच्या लोकांना खालच्यांपासून तोडून ठेवतो. याला डबल नॅट म्हणतात. बाहेरचं इंटरनेट दोन्हीकडे चालतं त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही.

आता कास्टिंग कसं चालतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मोबाईल टीव्ही शोधतो तेव्हा तो नेटवर्कमध्ये एक हाक मारतो, "कोणी टीव्ही आहे का रे?" आणि स्टिक "मी आहे" म्हणून ओ देते. क्रोमकास्टवाल्यांची हाक एमडीएनएस नावाच्या पद्धतीने जाते, २२४.०.०.२५१ हा पत्ता आणि पोर्ट ५३५३. डीएलएनए वगैरे (घरच्या नेटवर्कवरून टीव्हीवर व्हिडिओ लावायच्या) जुन्या गोष्टी एसएसडीपी वापरतात, २३९.२५५.२५५.२५०, पोर्ट १९००. हे आकडे पाठ करायची गरज नाही, मुद्दा एवढाच की ही हाक फक्त आपल्याच नेटवर्कमध्ये ऐकू जाते, राउटर ती पलीकडे जाऊच देत नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. म्हणून खालची हाक वर पोचत नाही. दोन्ही वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला तरी काही फरक पडत नाही, नाव ही फक्त पाटी आहे, नेटवर्क एक आहे का दोन ते आयपी कोण वाटतंय त्यावर ठरतं. घरात आयपी वाटणारा एकच पाहिजे, बाकीच्या राउटरांनी फक्त वायफाय द्यायचं. इथून पुढे जे काही सांगतोय ते सगळं याच्यासाठीच.

आधी खात्री करून घ्या. मोबाईलमध्ये वायफायच्या नावावर दाबलं की डिटेल्समध्ये आयपी ॲड्रेस दिसतो. फायर स्टिकवर सेटिंग्ज, माय फायर टीव्ही, अबाउट, नेटवर्क. गुगल टीव्हीवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे जोडलेलं वायफाय उघडायचं. दोन्ही आयपी कागदावर लिहा आणि पहिले तीन आकडे जुळतात का बघा. मोबाईल १९२.१६८.१.२३ आणि स्टिक १९२.१६८.०.१०५ असेल तर निदान झालं, तिसरा आकडाच वेगळा आहे. जिओच्या डब्यावर हा तिसरा आकडा बहुतेक २९ असतो, टीपी-लिंकवर बऱ्याचदा ०, त्यामुळे कोण कोणाकडून आयपी घेतंय ते आकड्यावरूनच कळतं. तीनही आकडे जुळत असूनही दिसत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी, ती खाली सांगितली आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काहीच न बदलता मोबाईल त्या वायफायवर टाकायचा ज्यावर टीव्ही आहे. एवढ्यानेच ज्यांचं भागतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, कास्ट करताना वायफाय बदला, नंतर परत बदला. पण घरात चार माणसं असतील तर रोज कोणीतरी ओरडणारच, "टीव्ही दिसत नाहीये!" त्यामुळे एकदाचं नीट करून टाकलेलं बरं.

नीट करायचं म्हणजे दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट (एपी) मोडवर टाकायचं, म्हणजे तो आयपी न वाटता फक्त वायफाय देतो. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक राउटरांमध्ये हा मोड असतो, सेटिंग्जमध्ये ऑपरेशन मोड किंवा सिस्टीम मोड अशा नावाखाली, कधी ॲडव्हान्स्डमध्ये लपवलेला. वरच्या राउटरच्या वायफायला जोडा, ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाका, तो राउटरच्या बुडाशी स्टिकरवर लिहिलेला असतो (टाईप करताना इंग्रजी आकडेच टाका हो, मराठी कीबोर्डवरून टाकला की ब्राउझर सरळ गुगल सर्च करतो), लॉगिन करा, मोडमध्ये ॲक्सेस पॉइंट निवडा, सेव्ह करा. राउटर रिस्टार्ट होईल, एकदोन मिनिटं जातील. केबल होती तिथेच ठेवा, एपी मोडमध्ये बहुतेक राउटर वॅन पोर्टातूनच, म्हणजे त्या वेगळ्या रंगाच्या पोर्टातूनच, नेट घेतात. मग मोबाईलचं आणि स्टिकचं वायफाय एकदा बंद करून चालू करा म्हणजे नवीन आयपी मिळेल, आणि परत आकडे बघा. आता दोघांचे पहिले तीन आकडे एक आले पाहिजेत. आले की कास्टचा आयकॉन पण आलाच समजा.

इथे एक गोष्ट लोकांना घाबरवते. एपी मोडवर टाकलं की राउटरचा जुना पत्ता उघडत नाही, आणि माणसाला वाटतं राउटर बिघडला. बिघडलेला नसतो, आता त्याला स्वतःला खालच्या डब्याकडून आयपी मिळालेला असतो. खालच्या डब्यात लॉगिन करून जोडलेल्या डिव्हाईसची यादी बघा, तिथे तो नावासकट सापडेल. तोच आयपी कागदाच्या पट्टीवर लिहून राउटरला चिकटवून ठेवा, सहा महिन्यांनी शोधत बसावं लागत नाही.

जुना राउटर असेल, एपी मोडच नसेल, तरी टाकून देऊ नका. तेच काम हाताने करता येतं, फक्त क्रम चुकवायचा नाही. पहिल्यांदा तो राउटर खालच्या डब्यापासून तोडा, लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टाला जोडा आणि लॉगिन करा. वायफायचं नाव पासवर्ड जे ठेवायचं ते ठेवून घ्या. मग त्याचा लॅन आयपी बदला, खालचा डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. सेव्ह केलं की तो त्या नव्या पत्त्यावर जाईल, परत लॉगिन करा. आता डीएचसीपी सर्व्हर बंद करा, म्हणजे याचं आयपी वाटणं थांबलं. आणि सगळ्यात शेवटी खालून आलेली केबल वॅन पोर्टात नाही, तर चार लॅन पोर्टांपैकी कुठल्याही एकात घाला. वॅन पोर्ट रिकामा राहू दे, त्यावर एक चिकटपट्टी मारलीत तर उत्तम, कारण घरात कोणीतरी साफसफाई करताना केबल काढतं आणि परत "बरोबर" त्या वेगळ्या रंगाच्या भोकातच घालतं. राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लाल किंवा नारिंगी राहील, किंवा पेटणारच नाही, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

क्रम का महत्त्वाचा ते सांगतो. डीएचसीपी आधी बंद केलं आणि आयपी बदलायचं राहिलं तर लॅपटॉपला आयपीच मिळणार नाही आणि लॉगिन पेज उघडणार नाही. मग लॅपटॉपला हाताने आयपी द्यावा लागतो, राउटर १९२.१६८.०.१ वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.०.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, मग उघडतं. तेही नको असेल तर पिनने रिसेट मारा आणि पहिल्यापासून. उलट डीएचसीपी चालू ठेवूनच लॅन टू लॅन केबल जोडली तर अजून मजा, घरात दोघं आयपी वाटायला लागतात, एखाद्या फोनला नेट येतं, एखाद्याला नाही, आणि कोणाला का ते कोणालाच कळत नाही.

शिवाय खालच्या डब्यात डीएचसीपीची रेंज एकदा बघून घ्या. बऱ्याच डब्यांमध्ये ती २ पासून २५४ पर्यंत असते, म्हणजे तुम्ही वरच्या राउटरला दिलेला २ नंबर तो उद्या पाहुण्यांच्या मोबाईलला देऊन टाकू शकतो. रेंज १०० ते २०० करून टाका, घराला तेवढे पुष्कळ झाले.

केबलबद्दल थोडं, कारण सगळे राउटरवर पैसे घालतात आणि केबल कुठलीतरी पडलेली वापरतात. कॅट फाईव्ह ई किंवा कॅट सिक्स घ्या, १०० मीटरपर्यंत आरामात चालते, म्हणजे घरात लांबीची चिंता नाही. आत आठ तारा असतात, त्यातल्या चारच नीट लागल्या असतील तरी नेट चालतं पण १०० एमबीपीएसवर अडकतं, त्यामुळे जॅक मारणाऱ्याकडून टेस्टर लावून घ्या. टीव्हीला मात्र एवढं लागत नाही, नेटफ्लिक्सला फोर के साठी १५ एमबीपीएस पुरतात, तेव्हा स्टिक अडकत असेल तर दोष प्लॅनचा नसून वायफायच्या रेंजचा असण्याची शक्यता जास्त. लाईटच्या वायरच्या पाइपातूनच केबल ओढायचा मोह होतो, पण टाळा, वेगळी पट्टी मारून घ्या. आणि केबल गच्चीवरून किंवा अंगणातून बाहेरून जात असेल तर जूनमध्ये गडगडायला लागलं की दोन्हीकडून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज त्या तारेतून येऊन दोन्ही राउटरचे पोर्ट उडवते.

केबल ओढणं शक्यच नसेल, भाड्याचं घर असेल, तर दुसरा राउटर रिपीटर किंवा रेंज एक्सटेंडर मोडवर चालवा. नेटवर्क एकच राहतं त्यामुळे कास्टिंग चालतं, पण तो एकाच रेडिओवर ऐकणार आणि बोलणार असेल तर स्पीड साधारण अर्धा होतो. त्याला टीव्हीच्या मागे ठेवू नका, खालचा डबा आणि टीव्ही यांच्या मधे ठेवा. जिथे मूळची रेंजच एक काडी आहे तिथे ठेवून तो एक काडीच पुढे पाठवणार.

आता वायफायची नावं. दोन्ही राउटरला एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवला तर मोबाईल वर-खाली जाताना आपोआप बदलतो, सगळीकडे हाच सल्ला मिळेल, मोबाईलसाठी तो बरोबर पण आहे. पण माझं मत, टीव्ही असलेल्या राउटरचं नाव वेगळं ठेवा. लाईट जाऊन आली की स्टिक जो राउटर आधी सुरू होईल त्याला जाऊन चिकटते, मग खालच्या लांबच्या राउटरला धरून बसते आणि दिवसभर पिक्चर गोल गोल फिरतं. नेटवर्क आतून एक झालेलं असलं की नावं वेगळी असून पण कास्ट चालतं, त्यामुळे काही बिघडत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चॅनेल ऑटोवर न ठेवता एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या म्हणजे एकमेकांच्या पायात येत नाहीत.

नाव पासवर्ड बदलायच्या आधी फायर स्टिकचा रिमोट चालतोय ना ते बघा, सेल आहेत ना ते बघा. कारण नाव बदललं की स्टिक नेटवरून उतरते, आणि रिमोट नसेल तर तिला नवीन वायफाय सांगणार कोण? मोबाईलमधलं रिमोटचं ॲप पण एकाच नेटवर्कवर असल्याशिवाय चालत नाही. असं अडकलात तर एक युक्ती आहे, एका फोनवर हॉटस्पॉट चालू करा आणि त्याला जुन्या वायफायचं नाव आणि जुना पासवर्ड अगदी तसाच द्या, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट, आणि हॉटस्पॉट २.४ वर ठेवा. स्टिकला वाटतं जुनंच वायफाय आलं, ती जोडते. दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडून त्यावर फायर टीव्हीचं ॲप उघडा, रिमोट मिळाला, आता नवीन वायफाय जोडून टाका.

आता ज्यांचे आकडे जुळतात तरी टीव्ही दिसत नाही त्यांच्यासाठी. सगळ्यात आधी गेस्ट वायफाय बघा, मोबाईल किंवा टीव्ही चुकून गेस्टवर असेल तर ते मुद्दामच बाकीच्यांपासून वेगळं ठेवलेलं असतं. मग राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाची टिक शोधा आणि काढा, ती चालू असेल तर एकाच वायफायवरचे दोन मोबाईल पण एकमेकांना दिसत नाहीत. दोन्ही राउटरमध्ये बघा, एकातच बघून थांबू नका. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लोकल नेटवर्क उघडून यूट्यूब, नेटफ्लिक्स जे काही असेल त्याला परवानगी दिली आहे का बघावं, २०२० मध्ये आयओएस १४ आल्यापासून ही परवानगी वेगळी लागते आणि पहिल्यांदा विचारतो तेव्हा घाईत सगळे नको म्हणतात. २०१३ चं अगदी पहिलं क्रोमकास्ट कोणाकडे अजून असेल तर ते फक्त २.४ वर चालतं, ५ वालं वायफाय त्याला दिसणारच नाही. आणि नव्या राउटरवर सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर जुन्या स्टिक जोडल्याच जात नाहीत, डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स ठेवा.

काही ठिकाणी मात्र दोन नेटवर्क एक करायचीच नसतात. खाली भाडेकरू, वर आपण, किंवा होमस्टे आहे आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळंच हवं. तिथे एपी मोडच्या भानगडीत पडू नका. यूट्यूबपुरतं काम असेल तर टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये लिंक विथ टीव्ही कोड आहे, तो कोड मोबाईलच्या यूट्यूबमध्ये सेटिंग्जमधल्या वॉच ऑन टीव्हीमध्ये टाका, हे इंटरनेटवरून जोडलं जातं, नेटवर्क एक असायची गरजच नाही, मोबाईल डेटावरून पण चालतं. घरी कॉम्प्युटरवर पिक्चर साठवून जेलीफिन किंवा प्लेक्स चालवत असाल तर तो कॉम्प्युटर खालच्या, म्हणजे पहिल्या राउटरला जोडा. दुसऱ्या राउटरमागचा टीव्ही पहिल्या राउटरवरच्या कॉम्प्युटरपर्यंत आयपी टाकून जाऊ शकतो, उलट्या दिशेने मात्र दार बंद असतं. ॲपमध्ये सर्व्हर आपोआप सापडणार नाही, आयपी हाताने टाकायचा, जेलीफिनला पुढे पोर्ट ८०९६, प्लेक्सला ३२४००. फक्त दोन्ही राउटरांचा तिसरा आकडा वेगळा पाहिजे, दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर हे जमणार नाही, एकाचा बदला. ज्यांच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलेलं आहे त्यांना अवाही नावाचं पॅकेज बसवून त्याचं रिफ्लेक्टर चालू करता येतं, ते एका नेटवर्कमधली हाक दुसरीकडे नेऊन पोचवतं, पण फायरवॉलमध्ये पण वाट करून द्यावी लागते, ते काम ज्याला रात्री जागायची हौस आहे त्यानेच करावं.

एवढं सगळं झालं की एकदा मेन स्विच बंद करून परत चालू करून बघा, कारण लाईट तर जाणारच आहे. खालचा डबा आधी चालू होऊ दे, त्यावर नेटचा दिवा स्थिर झाला की वरचा राउटर, मग टीव्ही. वरचा राउटर इन्व्हर्टरवर आणि खालचा डबा साध्या लाईटवर असेल तर लाईट गेल्यावर वायफाय फुल दिसेल आणि नेट शून्य, तेव्हा दोन्ही एकाच इन्व्हर्टर लाईनवर घेऊन टाका.